गूळ उलटा करून बघा!

दोस्तांनो, कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर काकवी चाखलीय ना? मग गूळ कसा होतो, ते शेवटाकडून सांगा बघू!

ढेप हवी तर पाक हवा. पाक हवा तर मळी काढलेला रस उकळायला हवा. त्यासाठी उसाचं गाळप हवं आणि पेटलेलं चुलवाणही.

‘आधी हे, मग ते’ असं आपण म्हटलंच नाही! १९७२ साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात तयार झालेली ‘प्रोलॉग’ ही संगणकाची भाषा अशाच नियमांवर चालते. तुम्ही नियम द्यायचे. उत्तरापर्यंतची वाट तिनं शोधायची, तीही अशीच उलटी. काकवी हवी? एक नियम वाढवा, बाकीचे तसेच.

पण पाक झाला हे ओळखायचं कसं? तो नियम गुळव्याकडे! तो पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का ते बघतो.