मोगल चित्रशाळा

मोगल चित्रशाळा : मोगल बादशहांच्या आश्रयाखाली ग्रंथचित्रे व सुटी लघुचित्रे निर्माण करणारी दरबारी कार्यशाळा. फार्सीत तिला ‘तस्वीरखाना’ म्हणत. सचित्र ग्रंथांची निर्मिती हे तिचे मुख्य कार्य असल्याने शाही ग्रंथालयाशी तिचा निकटचा संबंध होता. चित्रकारांबरोबरच सुलेखनकार, कागद घोटणारे, सोन्याची नक्षी काढणारे, समास आखणारे व पुस्तकबांधणी करणारे असे अनेक कारागीर तेथे एकत्र काम करीत. एका चित्रावर अनेकांचे हात फिरणे, ही या चित्रशाळेची रीत होती. तिचे सामर्थ्य आणि तिच्या अभ्यासातील अडचणी या दोन्हींचे मूळ याच रीतीत आहे.

हुमायूनने इराणच्या सफावी दरबारातील मीर सय्यद अली व अब्दुस्समद या चित्रकारांना आपल्या पदरी आणले. अकबराच्या कारकीर्दीत (१५५६–१६०५) त्यांच्या देखरेखीखाली चित्रशाळेचा मोठा विस्तार झाला. हम्झानामा हे तिचे पहिले प्रचंड कार्य. सु. ७० सेंमी. उंचीची आणि कापडावर रंगविलेली सु. १,४०० चित्रे त्यासाठी सु. पंधरा वर्षांत तयार झाली. वर्षाला सरासरी नव्वदांवर पडणारे हे काम एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते. भारतातील निरनिराळ्या भागांतून आलेले चित्रकार इराणी गुरूंच्या हाताखाली राबले आणि त्यातूनच इराणी रेखाटनाची नजाकत व भारतीय चित्रांतील जोम यांचा मेळ घालणारी मोगल शैली घडली. या संचातील दोनशेहूनही कमी चित्रे आज उपलब्ध आहेत.

कार्यपद्धती : चित्रकार जमिनीवर बसून, एक गुडघा उभा करून त्यावर टेकविलेल्या फळीवर काम करी. कागद प्रथम अकीकाच्या गुळगुळीत खड्याने घोटला जाई. त्यावर पुसट रेखाटन करून पातळ सफेद्याचा थर देत आणि त्यातून दिसणाऱ्या रेषा पुन्हा पक्क्या करीत. जुनी आकृती नव्या चित्रात घ्यावयाची असल्यास हरणाच्या पारदर्शक कातड्यावर ती उतरवून घेत, रेषांवर सुईने छिद्रे पाडीत आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यांवरून फिरवून ती खालच्या कागदावर उमटवीत. अशा नमुन्यांचा संग्रह पिढ्यानपिढ्या उपयोगी पडे. हिंगूळ, हरताळ, लाजवर्द, काजळी इ. रंगद्रव्ये खलून ती डिंकाच्या पाण्यात कालवीत. बारीक कामासाठी खारीच्या केसांचा कुंचला वापरीत. अधूनमधून चित्र पालथे घालून मागून घोटले जाई. त्यामुळे रंगांचे थर एकजीव होऊन त्यांना मिनाकामासारखी झळाळी येई.

श्रमविभागणी : ज्येष्ठ चित्रकार चित्राची मांडणी व रेखांकन (तरह) करी, दुसरा रंगकाम (अमल) करी आणि महत्त्वाच्या व्यक्तींचे चेहरे (चेहरानामी) काही वेळा तिसऱ्या तज्ञाकडे सोपविले जात. ग्रंथालयाचे लेखनिक समासात या सर्वांची नावे नोंदवून ठेवीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयातील अकबरनामाच्या प्रतीत ११६ चित्रे असून त्यांत अशा नोंदी विपुल आढळतात. नावांच्या पुलावरून उधळलेल्या हवाई नामक हत्तीवर स्वार झालेल्या अकबराचे प्रसिद्ध चित्र बसावनने रेखाटले व चतरने रंगविले, हे अशाच नोंदीवरून कळते. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीनुसार चित्रशाळेतील कामे दर आठवड्यास बादशहापुढे मांडली जात आणि गुणवत्तेनुसार बक्षिसे वा वेतनवाढ दिली जाई. त्याने नावानिशी गौरविलेल्या सतरा चित्रकारांत हिंदूंची संख्या मोठी आहे.

त्यांपैकी दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर आकृत्या काढीत असता अकबराचे लक्ष त्याच्याकडे गेले व त्याला अब्दुस्समदकडे शिक्षणास ठेवण्यात आले. अल्पावधीतच तो अग्रगण्य ठरला. परंतु पुढे मनोविकाराने ग्रासून १५८४ मध्ये त्याने आत्महत्या केली. महाभारताच्या फार्सी अनुवादाच्या, म्हणजे रज्मनामाच्या, जयपूर येथील प्रतीत सु. तीस चित्रांची रेखांकने त्याची आहेत. त्यांवरील रंगकाम मात्र इतरांचे आहे. समकालीनांनी ज्याला अद्वितीय मानले, त्याची कल्पकता आज प्रामुख्याने दुसऱ्यांच्या रंगांआडून पाहावी लागते. सामूहिक पद्धतीने व्यक्तीकडून घेतलेली किंमत या उदाहरणातून स्पष्ट होते. उलट, याच पद्धतीमुळे नवख्याला ज्येष्ठाच्या रेषेवर प्रत्यक्ष काम करीत शिकता आले, हेही तितकेच खरे. शिक्षणाची ही परंपरा पुष्कळदा घराण्यातूनही चाले. बसावनचा मुलगा मनोहर आणि आका रिझाचा मुलगा अबुल हसन हे दोघेही नामवंत झाले. अबुल हसनने तेराव्या वर्षी, १६०० मध्ये, ड्यूररच्या मुद्राचित्रातील संत जॉनची आकृती रेखाटली; ती ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. आका रिझाची शिष्या नादिरा बानू हिच्या नावाची चित्रेही उपलब्ध असून चित्रशाळेच्या परंपरेशी स्त्रियांचा संबंध होता, हे त्यांवरून दिसते.

जहांगीरच्या काळात (१६०५–२७) चित्रशाळा आटोपशीर झाली आणि संपूर्ण चित्र एकाच चित्रकाराकडे सोपविण्याकडे कल वाढला. अबुल हसनला ‘नादिर-उज्-जमान’ व पशुपक्ष्यांच्या चित्रणात निपुण असलेल्या मन्सूरला ‘नादिर-उल्-अस्र’ हे किताब मिळाले. एकाच चेहऱ्यातील डोळा व भुवई वेगवेगळ्या चित्रकारांनी काढली असली, तरी कोणता भाग कोणाचा हे आपण ओळखू शकतो, असे जहांगीरने आत्मचरित्रात अभिमानाने म्हटले आहे. रसिकाचे लक्ष ग्रंथाकडून चित्रकाराच्या हाताकडे वळल्याचे हे गमक होय. औरंगजेबाच्या काळात (१६५८–१७०७) शाही आश्रय ओसरला आणि अनेक चित्रकार प्रांतिक व राजपूत दरबारांकडे वळले.

पुनर्बांधणीच्या वेळी समास कापले गेल्याने अनेक चित्रांवरील नोंदी नष्ट झाल्या आहेत. काही नोंदी उत्तरकालीनही आहेत. त्यामुळे कर्तृत्वनिश्चितीसाठी नोंदींबरोबरच रेषेचे वळण, चेहऱ्यांची धाटणी व रंगलेपन यांची तुलना करावी लागते. या चित्रशाळेतील चित्राबाबत ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एका नावात देता येत नाही. रेखांकन, रंग आणि चेहरा यांविषयी तो स्वतंत्रपणे विचारणेच अधिक युक्त ठरते.