‘पजहति’ म्हणजे काय?

पाली भाषेतील ‘पजहति’ या क्रियापदाचा अर्थ सोडून देतो, टाकतो. मूळ धातू ‘हा’; आपला ‘हानी’ शब्दही त्याच धातूचा. पण हानी नकळत होते, ‘पहान’ मात्र जाणून करावे लागते.

सारनाथच्या पहिल्या प्रवचनात भगवान बुद्धांनी दुःख सोडा असे सांगितलेले नाही. दुःख जाणावयाचे, सोडावयाची ती तृष्णा. विद्यार्थ्यांनी हा भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण मराठीतील ‘सोडणे’ फार सैल आहे. ‘उपवास सोडला’ म्हणतो आणि जेवायला बसतो! ‘दारू सोडली’ हेही पुष्कळदा जयंतीपुरतेच. बाटली फोडली, तरी दिवेलागणीला जीव गुत्त्याकडे ओढ घेतो. तेव्हा बाटली सुटली, तृष्णा नव्हे. घरातील बाईला हे सर्वांआधी कळते. ती पगाराचे पैसे अजून डब्याच्या तळाशीच ठेवते.