सामंत साक्ष देतो तेव्हा

नाट्यवर्गात प्रवेश सादर करायचा म्हटलं, आणि हातात ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ असलं, की मुली थेट बेणारेच्या शेवटच्या स्वगताकडे धावतात. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ सालचं, ‘रंगायन’चं. सुलभा देशपांडे यांची बेणारे इतकी गाजली, की हा मोह आपण समजू शकतो. पण आज आपण दुसराच तुकडा घेऊ या. सामंताची साक्ष.

प्रसंग आठवा. शहरातली नाटकमंडळी एका गावात प्रयोगासाठी आलीत. वेळ जायला म्हणून खोटा खटला सुरू होतो. बेणारेवर आरोप भ्रूणहत्येचा. शपथ घ्यायची ती इंग्रजी शब्दकोशावर हात ठेवून! साक्षीदार कमी पडतात म्हणून गावच्या सामंताला उभं करतात. बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. मग तो हातातल्या कादंबरीतलं काहीबाही सांगू लागतो, आणि ते नेमकं बेणारेच्या आयुष्यावर जाऊन बसतं.

आता आमच्या विषयाचा माणूस इथे थबकणारच. ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डला व्याख्यानं दिली. बोलणं म्हणजे नुसतं वर्णन नव्हे, बोलण्याने कृतीही घडते, हे त्याने दाखवलं. पण नटाने रंगमंचावर उच्चारलेलं वचन त्याने बाजूला ठेवलं. ते पोकळ, म्हणाला. इथे बघा काय होतं. साक्ष खोटी, शपथ खोटी, कोर्ट खोटं. बाईची अब्रू मात्र खरीच जाते.

म्हणजे तालमीत पहिला प्रश्न ‘कोणती भावना दाखवायची’ हा नाहीच. कोणाला काय ठाऊक आहे, हा आहे. दोन दिवस नुसतं बसून वाचन करा, आवाज न चढवता. प्रत्येकाने आपल्या वहीत लिहावं: माझ्या पात्राला या क्षणी हा खेळ वाटतो का? नक्की कोणत्या वाक्याला वाटेनासा होतो? सुखात्म्यांना वास लवकर येतो. काशीकर मध्येच कान कोरतात, त्यांना घाई नाही. सामंताला शेवटपर्यंत कळत नाही, आणि ही सर्वांत अवघड भूमिका. हुशार मुलगा ती हमखास बिघडवतो, कारण तो सामंताला विनोदी करतो. सामंताला फक्त मदत करायची आहे हो! पाहुण्यांचा खेळ अडू नये, एवढंच.

बेणारे करणाऱ्या मुलीने इथे रडायचं नाही. तिला अजून हसून वेळ मारून नेता येईल असं वाटतंय. ते हसणं कुठे आटतं, ती जागा दिग्दर्शकाने नेमून देऊ नये. चार तालमींत ती मुलीलाच सापडते. सापडली नाही, तर सामंत फार भराभर बोलतोय असं समजा.

सामानाचं विचाराल, तर खुर्च्या, जाडसा शब्दकोश, सामंताच्या हातात कादंबरी. आणि दाराची कडी, ती मात्र खरी हवी. बेणारे निघून जायला दाराशी येते आणि दार उघडत नाही. तिथे तोंडाने ‘खट्’ आवाज काढून भागत नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकावरही तो लोखंडाचा आवाज गेला पाहिजे.