शाळेची पारख

जून महिना जवळ आला की वरणगावच्या व्यापारी घरांत, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या वेळी, एकच विषय निघतो: धाकट्याला कोणत्या शाळेत घालावे? आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि तिथल्या पाढ्यांच्या बळावर त्यांनी दुकान उभे केले. वडील गावातील अनुदानित विद्यालयात शिकले. सूनबाईंचे लक्ष मात्र भुसावळच्या इंग्रजी शाळेच्या बसकडे असते. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या अनुभवापुरते खरे असते. परंतु शाळेत जाऊन पारख करण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतो. पोत्यातले मूठभर धान्य तळहातावर घेतल्याशिवाय सौदा न करणारी माणसे शाळेचा सौदा मात्र गणवेश आणि इमारत पाहून करतात.

वरणगावात शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळा प्रामुख्याने तीन प्रकारच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा, खासगी संस्थांची अनुदानित विद्यालये आणि आयुध निर्माणीचे केंद्रीय विद्यालय. पहिल्या दोहोंत राज्याचा अभ्यासक्रम, तर तिसऱ्यात केंद्रीय मंडळाचा. केंद्रीय विद्यालयात केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शेतमजुराचे, हमालाचे, दुकानातल्या नोकराचे मूल येते. नोकरदाराच्या मुलाला घरी अभ्यास घेणारे कोणी तरी असते; मजुराच्या मुलाला अनेकदा तेही नसते.

म्हणून केवळ निकालाच्या टक्केवारीवरून या शाळांची तुलना करणे न्यायाचे नाही. व्यापारात नफा मोजताना आधी भांडवल पाहिले जाते. दहापैकी आठ गुणांचे मूल घेऊन त्याला नऊपर्यंत नेणारी शाळा आणि दोन गुणांच्या मुलाला सहापर्यंत नेणारी शाळा, यांत अधिक कमाई कोणाची? फलकावर पहिलीचे नाव झळकेल. ताळेबंदात दुसरी पुढे असेल.

हा ताळेबंद तपासण्यास फार विद्वत्ता लागत नाही. पहिली बाब शिक्षकांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन, ९० पर्यंत तीन आणि १२० पर्यंत चार शिक्षक असावे लागतात. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि एकाच खोलीत किती इयत्ता बसतात, हे मुख्याध्यापकांना विचारावे. दुसरी बाब कामाच्या दिवसांची. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस कायद्याने ठरलेले आहेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब वाचनाची. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी होत आली आहे. तिची कसोटी साधी असते: मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार जमतो का? पाचवीतल्या चार मुलांना हेच विचारले, तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक कळते.

चौथी बाब भाषेची. घरात मारवाडी, गल्लीत लेवा गणबोली आणि वर्गात एकदम इंग्रजी, अशा तिहेरी ओढाताणीत लहान मूल अनेकदा समजून घेणे सोडून पाठांतराकडे वळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा परिसराच्या भाषेत शिकवावे, असे सुचविले आहे. इंग्रजीची गरज नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न पाया कोणत्या भाषेत घालावा एवढाच आहे.

आपल्या मुलासाठी अन्यत्र प्रवेश घेतला म्हणजे गावच्या शाळेशी असलेला संबंध संपतो, असे अनेकांना वाटते. वास्तविक त्याच शाळेत दुकानातल्या मदतनिसाची मुलगी शिकत असते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही त्या समितीचीच कामे. परंतु हिशेब वाचू शकणारी, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू शकणारी कुटुंबे एकेक करून निघून गेली, की रोजंदारी बुडवून बैठकीला येणाऱ्या पालकांवरच सारा भार पडतो. रिक्त पदासाठी पाठपुरावा करणारा कोणी उरत नाही. पट घटतो, पटाबरोबर शिक्षक घटतात आणि मग ‘ही शाळा चांगली नाही’ हे म्हणणे खरे ठरते.

१८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती परक्यांच्या मुलांसाठी. सर्व जातींची मुले त्यांच्या वसतिगृहात एकत्र राहिली. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. एवढा त्याग प्रत्येकाकडून अपेक्षित नाही. महिन्यातून एक तास शाळेत जाऊन चार मुलांचे वाचन ऐकणे, समितीतील पालकांना हिशेब समजावून देणे आणि रिक्त पदाच्या अर्जावर त्यांच्याबरोबर सही करणे, इतके दुकान सांभाळूनही जमण्यासारखे आहे. धाकट्याचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर लागो. दुकानात चहा आणून देणाऱ्या मदतनिसाला त्याच्या मुलीचे वाचन कसे आहे, हे विचारण्यापासून आरंभ करता येईल.