नाताळचे इटालियन कडबू

इटलीच्या आब्रुत्सो भागात नाताळला ‘काज्जोनेत्ती’ तळतात. भालकी, बसवकल्याण किंवा आळंदची कुणीही सुगरण ते पाहून म्हणेल, ‘अगंबाई, हे तर आपले कडबूच!’ फरक आहे तो सारणात. डाळीच्या जागी काबुली चणे, गुळाच्या जागी मध, शिवाय दालचिनी, संत्र्याच्या सालीचा कीस, भाजलेले बदाम आणि कोको. (कोको वगळला तरी माझ्या मते काही बिघडत नाही.)

पारीला 250 ग्रॅम मैदा, 3 चमचे तेल आणि भिजवायला पांढरी वाइन. घरात वाइन चालत नसेल तर पाणी आणि थोडा लिंबाचा रस. पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. 200 ग्रॅम चणे शिजवून, वाटून आटवा. उलथणे मधोमध उभे राहिले पाहिजे, ही पुरणाची कसोटी इथेही लागू. सारण ओले राहिले की कडबू कढईत फुटतो आणि सगळे तेल खराब होते. पारी लाटून सारण भरा, कडा ओल्या बोटाने चिकटवा, कातण्याने कापा, मध्यम आचेवर बदामी तळा. वरून पिठीसाखर भुरभुरवा.

काबुली चणे नसतील, तर 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कलबुर्गीची तूरडाळ बेधडक वापरा.