‘हातभार’ या शब्दामागचे ग्रीक क्रियापद



रोमकरांस पत्र 8:26 मध्ये पवित्र आत्म्याच्या साहाय्यासाठी आपल्या मराठी शास्त्रात ‘हातभार’ हा शब्द आला आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘सुनान्तिलाम्बानोमाय’. शब्द लांबलचक असला तरी फोड सोपी आहे.

‘लाम्बानो’ म्हणजे घेणे, धरणे. त्याला ‘अन्ति’ म्हणजे समोर, हा उपसर्ग लागून ‘हात देणे, मदत करणे’ असा अर्थ झाला. प्रेषितांची कृत्ये 20:35 मध्ये दुर्बळांना साहाय्य करण्यासाठी हेच क्रियापद आहे. त्याआधी ‘सुन’ म्हणजे सोबत, हा आणखी एक उपसर्ग जोडला की आपला शब्द तयार होतो.

पण केवळ फोडीवरून अर्थ ठरवू नये, वापर पाहावा. हा शब्द मंडळीने घडवलेला नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातील पपायरसावरही तो आढळतो. त्याच शतकात मोशेची पुस्तके ग्रीकमध्ये आली. निर्गम 18:22 व गणना 11:17 येथे मूळ इब्री शब्द ‘वाहणे’ असा आहे. भाषांतरकारांनी तेथे हेच क्रियापद योजले. सत्तर वडील नेमले गेले, तरी मोशे बाजूला झाला नाही. लोकांचा भार त्याने त्यांच्यासह वाहिला.

नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो. दुसरे स्थळ लूक 10:40. मार्था सगळे काम मरीयेवर टाकू पाहत नाही. बहिणीने आपल्याबरोबर हात लावावा, एवढेच तिचे मागणे आहे.

जंगलातून मोळी आणणारी बाई ती डोक्यावर चढवताना दुसरीला हाक मारते. दुसरी हात लावते; मोळी पहिलीच्याच डोक्यावर घरी जाते. भंडारा जिल्ह्यातील आदिवासी बांधवांमध्ये सेवा करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. वनहक्काच्या दाव्यात गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. कार्यकर्ता तो लिहून घेईल, नकला काढील, तालुक्याला सोबत जाईल. पण जमीन कोण कधीपासून कसतो हे वडीलधाऱ्यांनीच सांगायचे आणि ग्रामसभेत त्या कुटुंबानेच उभे राहायचे. त्यांच्या जागी आपण बोलू लागलो, तर काम लवकर उरकेल. पण पुढच्या वेळी ते पुन्हा आपलीच वाट पाहतील.

आपले दान आणि प्रार्थना या अर्थाने हातभार ठरोत.