प्रमाणपत्र व्यवस्थापन प्रणालीची सुरक्षा मांडणी

डिजिटल प्रमाणपत्रे देणारी, त्यांचे नूतनीकरण करणारी आणि गरज पडल्यास ती रद्द करणारी संगणक प्रणाली म्हणजे प्रमाणपत्र व्यवस्थापन प्रणाली होय. तिचे सुरक्षा मूल्यांकन सहसा 'कॉमन क्रायटेरिया' (आयएसओ/आयईसी १५४०८) या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते. मूल्यांकनाचा दाखला केवळ उत्पादनाच्या नावाला मिळत नाही. तो विशिष्ट आवृत्तीच्या विशिष्ट मांडणीपुरता असतो. मार्गदर्शिकेबाहेरची सेटिंग ठेवल्यास त्याचा आधार उरत नाही.

अधिकारांची विभागणी हा या मांडणीचा गाभा आहे. प्रशासक प्रणाली उभारतो, अधिकारी प्रमाणपत्रांचे अर्ज मंजूर करतो आणि लेखापरीक्षक नोंदी तपासतो. या भूमिका एकाच व्यक्तीकडे येऊ दिल्या जात नाहीत. नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी असल्याने त्यांतील फेरफार, अगदी प्रशासकाने केलेला असला तरी, लपत नाही. स्वाक्षरीची खासगी किल्ली एफआयपीएस १४० मानकानुसार तपासलेल्या हार्डवेअर उपकरणात ठेवतात.

केवळ उपकरण मात्र पुरेसे नसते. नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेच्या किल्ल्या अशाच उपकरणांत होत्या. परंतु प्रमाणपत्रे देणारे सर्व सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये असल्याने एका पासवर्डने ते सगळे खुले झाले. घुसखोराला किल्ली चोरावी लागलीच नाही, तिच्याकडून सह्या करवून घेणे पुरले. २०११ साली अशी ५०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रे निघाली. त्यांतील गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र इराणमधील जीमेल वापरकर्त्यांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिजिनोटार दिवाळखोर ठरली.